कोरी नळी

स्वच्छ खोलीच्या दाराबाहेर अकरा नियमांची पाटी होती आणि ते अकराही नियम तिनेच लिहिले होते. आंघोळ करून या. बाहेरचे कपडे बाहेर ठेवा. हातमोज्यांचे दोन जोड घाला, वरचा जोड दर हाडानंतर बदला. वाचत वाचत सातव्या नियमावर आली की नवी माणसं हमखास हसायची. सातवा नियम असा होता: ज्यांच्या घरी मांजर आहे, त्यांनी मांजरकुळातल्या हाडांना हात लावू नये.

त्यांचं हसून झालं की ती समजावून सांगायची. प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे असलेले प्रमुख सरसुद्धा. "हजारो वर्षं गुहेत पडलेल्या हाडात डीएनए उरतो तो चुरा होऊन," ती सांगायची. "वही फाडून तिचे कपटे वाऱ्यावर सोडावेत तसा. त्यातले बहुतेक कपटे मातीतल्या जंतूंचे. जनावराचे शंभरात दोन-तीन. आणि घरचं मांजर दिवसभर अंग चाटतं. त्याच्या अंगावरून उडालेल्या एका कणात ताजा, लांबलचक, धडधाकट डीएनए असतो. तुम्ही खड्गदंती मांजर शोधायला जाल आणि तुमची मनीमाऊ सापडेल."

या नियमापायी तिने नऊ वर्षांपूर्वी एका चांगल्या हाताच्या माणसाला खोलीबाहेर काढलं होतं. त्याच्या बायकोने मांजरीचं पिल्लू आणलं, आणि त्याने ते भाबडेपणाने चहा पिताना सांगितलं. तिथल्या तिथे ताईने त्याच्याकडच्या स्वच्छ खोलीच्या चावीसाठी हात पुढे केला. तो बिचारा महिनाभर रुसला, मग संगणकाकडे वळला, निघालेल्या तुकड्यांवरून प्राण्यांचे वंशवृक्ष काढायला शिकला आणि त्यात इतका तरबेज झाला की आता सगळे त्याला गणिती म्हणूनच ओळखत.

आणि गेले सात महिने तिच्या स्वतःच्या घरी मांजर होतं.

वडील गेल्यावर आई एकटी राहीना. म्हणजे राहते म्हणत होती, पण फोनवर आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. शेवटी ताई तिला आणायला गेली, तेव्हा आई दोन पिशव्या, शिवणयंत्र आणि एक झाकणाची टोपली घेऊन दारातच बसली होती. टोपलीतून एक करडं शेपूट बाहेर आलेलं होतं.

"आई, मांजर नाही नेता येणार. माझं काम तुला माहीत आहे."

"माहीत आहे की. मेलेल्या मांजरांचं." आई उठली नाही. "तुझ्या त्या मेलेल्या मांजरांसाठी मी माझी जिवंत मांजर रस्त्यावर सोडू? तुझे बाबा गेले त्या रात्रीपासून ही माझ्या पायाशी झोपते. तू झोपणार आहेस का माझ्या पायाशी?"

मांजर आली. आई तिला बाईसाहेब म्हणायची, आणि ते नाव शोभावं असाच तिचा तोरा होता. ताईने मनाशी ठरवलं की आपली शिस्त पुरेल. कामाचे कपडे तिने प्रयोगशाळेतच ठेवले. रोज तिथे जाऊन पुन्हा आंघोळ, पुन्हा केस धुणं. चपला निराळ्या. तिच्या खोलीचं दार आईने उघडं टाकू नये म्हणून ती रोज एकदा तरी कटकट करायची. प्रयोगशाळेत मात्र ती यातलं एक अक्षर बोलली नाही. महिनाभर म्हणाली, उद्या सांगू. मग तेही म्हणेनाशी झाली.

अशात ते हाड आलं.

हाडं सांभाळणारे म्हातारे संग्रहपाल, ज्यांना झाडून सगळे मामा म्हणत, त्यांनी चाळीस वर्षांत एकदाही ती कवटी बाहेर दिली नव्हती. खड्गदंती मांजर, वरचे सुळे वीतभर लांब, आणि त्या प्रकारची एवढी धड कवटी दुसरी कुठे नाही. कानाच्या आतलं हाड शरीरात सर्वांत टणक. त्याच्या गाभ्यात डीएनए टिकतो, पण मिळवायचा तर तिथे भोक पाडून भुकटी काढावी लागते, आणि ते हाड कायमचं खर्ची पडतं. कान दोन, म्हणजे संधी दोन. मामांनी उजवा कान दिला. तोही सरांकडे पाहून नाही. "पोरी, भोक तू पाडणार असशील तर देतो," ते म्हणाले होते.

तीन महिन्यांपूर्वी तिने ते काम केलं. आणि निकाल आला तो असा की सरांनी खुर्ची सोडून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. खड्गदंतींची शाखा बाकीच्या मांजरकुळापासून फार पूर्वीच फुटून निघाली, हे जगाला ठाऊक होतं. पण या जनावरात छोट्या मांजरांच्या शाखेचा एक बारीक धागा दिसत होता, शंभरात तीन. फुटून गेलेल्या शाखा मधेच कुठेतरी पुन्हा भेटल्या होत्या, असा त्याचा अर्थ. सरांना आता आठ दिवसांवर आलेल्या मोठ्या परिषदेत हे जाहीर करायचं होतं. लेख तयार होता. चौदा वर्षं इतरांच्या लेखांसाठी नळ्या भरणाऱ्या ताईचं नाव त्यावर पहिल्यांदाच सर्वांत आधी होतं. तिने त्या पानाची एक प्रत घरी नेऊन आईला दाखवली. आईने लांब धरून वाचली आणि म्हणाली, "नाव सोडून काही कळलं नाही. पण नाव छान छापलंय."

राहिलं होतं फक्त शेवटचं पान.

दर खेपेला हाडाच्या नळीबरोबर एक कोरी नळी चालवायची, ही ताईचीच शिस्त. तिच्यात हाडाची भुकटी नसते. बाकी सगळं तेच: तीच रसायनं, तेच पाणी, तेच हात. त्या नळीत काही सापडलं तर ते हाडातून आलेलं नसतं, आपण आणलेलं असतं. तिचा आकडा अहवालाच्या शेवटच्या पानावर येई आणि ते पान ताईखेरीज कोणी उघडत नसे. या वेळी मात्र तिनेच ते लांबवलं. आधी लेख लिहायचा होता, मग आकृत्या, मग संदर्भ. कामं खोटी नव्हती. पण मागच्या चौदा वर्षांत तिने हे पान कधी दुसऱ्या दिवसावर ढकललं नव्हतं, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी तिने ते उघडलं. जंतूंचे तुकडे, नेहमीसारखेच. माणसाचे थोडे, तेही नेहमीचे. आणि मांजराचे एकेचाळीस.

तिने खुर्ची मागे सरकवली आणि थेट गणितीकडे गेली.

"एकेचाळीस?" गणितीने पडद्यावर नजर टाकून खांदे उडवले. "शेजारच्या नळीतून सांडलेत, ताई. यंत्र वाचताना एका नळीचे चार तुकडे दुसरीच्या नावावर टाकतंच. हाडाच्या नळीत लाखो आहेत, त्यातले एकेचाळीस इकडे आले. एक वाक्य टाकू तळटीपेत."

"असं होतं," ती म्हणाली.

"होतंच. तुम्हीच मला शिकवलंय. चेहरा का असा झालाय? पहिलं नाव पचत नाहीये का?"

ती कसंनुसं हसली. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. कोणीही परीक्षक ते मान्य करील. त्या एका वाक्याने सगळं जागच्या जागी राहणार होतं, आणि त्या वाक्याला हरकत घेण्याइतकं ज्याला माहीत आहे असं जगात एकच माणूस होतं.

ती जागेवर आली आणि एकेचाळीस तुकडे एकेक करून पाहू लागली. जुन्या डीएनएची टोकं सडलेली असतात. त्या टोकांवर ठरावीक अक्षरं ठरावीक तऱ्हेने बदललेली दिसतात, आणि म्हातारपणाचा तेवढा एक दाखला कोणाला बनवता येत नाही. हाडाच्या नळीतून सांडलेले तुकडे असते तर टोकं सडकी दिसायला हवी होती. एकेचाळिसांपैकी दोनच तशी होती. बाकीचे एकोणचाळीस लांब, कोरे करकरीत होते. ताजे.

त्या दिवशी ती दुपारीच घरी गेली. आई खिडकीशी शिवणयंत्रावर बसून उशीचे अभ्रे शिवत होती. ताईच्या खोलीचं दार सताड उघडं होतं आणि टेबलावर ऊन खात बाईसाहेब पसरल्या होत्या. त्यांच्या हनुवटीखाली उशीसारखं ठेवलेलं होतं ताईच्या चष्म्याचं घर. जुन्या चष्म्याचं नव्हे, रोजच्या. सकाळी ती ते घरीच ठेवून जाई आणि चष्मा तेवढा नाकावर घालून निघे. चष्मा पुसायचं मऊ फडकं त्या घरातच असायचं.

कपडे बदलले, केस धुतले, चपला बदलल्या. पण चष्म्यावाचून तिला हाड दिसलंच नसतं. तो तिच्याबरोबर रोज आत गेला होता. पाटीवरच्या अकरा नियमांत चष्मा कुठेच नव्हता. पाटी लिहिली तेव्हा तिला चष्मा नव्हता. भोक पाडायच्या दिवशी काचांवर वाफ धरली होती आणि तिने हातमोज्याच्या बोटाने चष्मा वर सरकवला होता, एकदा नाही, तीन-चारदा. ते बोट आता तिला जसंच्या तसं दिसत होतं.

"इतक्या लवकर?" आईने पाय थांबवला. "आणि तोंड का उतरलंय? ओरडणार असशील तर ओरड बाई, दार मीच उघडलं. तिला तुझ्या टेबलावरचं ऊन आवडतं."

"रोज उघडतेस?"

"तू गेलीस की."

ताई पलंगावर बसली आणि तिने आईला सगळं सांगितलं. कोरी नळी, ताजे तुकडे, चष्मा, शंभरात तीनचा धागा. आई यंत्राचं चाक हाताने धरून ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्या त्या सुळेवाल्यात आमच्या बाईसाहेब शिरल्या."

"बहुधा."

"देऊन टाकू का तिला कोणाला?" आईने हे यंत्राच्या चाकाकडे बघत विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला होता, म्हणूनच तो ताईला फार लागला.

"आता देऊन काय होणार? जायचं ते नळीत गेलं."

"मग ती इथेच राहू दे." आईने सुटकेचा श्वास लपवला नाही. "मी तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. कापड कापून झाल्यावर माप चुकलेलं कळायचं, असं व्हायचं कधीकधी. दोन-तीनदा शिवण दाबून वेळ मारून नेली. गिऱ्हाइकाला कळलं नाही. पण ती बाई रस्त्यात दिसली की माझी नजर आधी तिच्या बाहीकडे जायची. वर्षानुवर्षं." तिने अभ्रा उलटा करून दोरा तोडला. "तुझं तू बघ. मला त्यातलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा गणितीच्या टेबलाशी उभी राहिली.

"सडक्या टोकांचे तेवढेच तुकडे घेऊन पुन्हा चालव."

"हाडाचे? ताई, नव्वद टक्के माल जाईल. हातात काय राहील?"

"जे जुनं आहे ते."

"पण का? सांडलेत म्हटलं ना..."

"माझ्या घरी मांजर आहे," ती म्हणाली. "सात महिन्यांपासून."

गणितीने तिच्याकडे पाहिलं. मग पाटीच्या दिशेने पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. तो ओरडेल याची ती वाट पाहत होती. तो हसू लागला, आणि ते हसणं मधेच थांबलं.

"माझं पिल्लू तळहातावर मावायचं, ताई," तो म्हणाला. "डोळेसुद्धा धड उघडले नव्हते त्याचे. तुम्ही मला चहाही संपवू दिला नाहीत."

"हो."

"मी घरी जाऊन बायकोशी भांडलो होतो. पिल्लावरून. चार दिवस अबोला."

"मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलंच कुठे?" तो पडद्याकडे वळला. "तेव्हा मला वाटायचं, या बाईच्या अंगात रक्ताऐवजी ते निर्जंतुक पाणी आहे." मग तिच्याकडे न पाहताच म्हणाला, "दुपारपर्यंत होईल. इथे उभ्या राहू नका, मला सुचत नाही."

दुपारी निकाल आला. धागा गेला होता. नाही असंही ठामपणे म्हणता येत नव्हतं. उरलेले तुकडे इतके थोडे होते की उत्तर कुठल्याच बाजूला झुकेना. खड्गदंतीच्या आईकडची वंशरेषा तेवढी शाबूत होती, पण ती आधीच इतरांनी दाखवलेली. नवं म्हणावं असं काहीच राहिलं नाही.

सरांनी जुन्या आणि नव्या निकालाचे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ते आवाज चढवणारे नव्हते, आणि त्या दिवशी तिला वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं.

"ते एकोणचाळीस तुकडे तुमच्याच मांजराचे आहेत, हे सिद्ध करता येईल?"

"नाही. एवढ्याशावरून कुठलं मांजर ते ठरत नाही."

"म्हणजे तुम्ही बोलला नसता तर..."

"धागा तरीही खोटाच राहिला असता, सर."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "परिषदेला मी कळवतो. तुमची चावी..."

तिने ती आधीच टेबलावर ठेवली होती. नऊ वर्षांपूर्वी गणितीने दिली होती तशी नव्हे. त्याची तिने मागून घेतली होती.

"डावा कान आहे अजून," सर म्हणाले. "मामांशी तुम्हीच बोला. तुमचं ऐकतात ते."

मामांचं कोठार तळघरात होतं. लांबच लांब रांगा, लोखंडी कपाटं, पातळ खण, आणि प्रत्येक खणात कापसावर निजलेली हाडं. तिने सगळं सांगितलं तेव्हा मामा एका मोठ्या जबड्यावरची धूळ कुंचल्याने झाडत होते. त्यांचा हात थांबला नाही.

"आणि आता डावा हवा," ते म्हणाले.

"हवा. पण भोक मी पाडणार नाही. गणिती पाडेल. त्याचं मांजर दोन वर्षांपूर्वी गेलं. हात त्याचा माझ्यापेक्षा हलका होता. महिनाभर सराव केला की परत येईल."

"तुला आत जायला मिळावं म्हणून नाही मागत आहेस?"

"नाही. मला आता जाता यायचं नाही. घरी आई आहे, आईची मांजर आहे. दोघी राहणार आहेत."

मामांनी कुंचला खाली ठेवला. खण ओढून त्यांनी ती कवटी बाहेर काढली आणि तिच्या दोन्ही हातांत दिली. उजव्या कानाशी तिने पाडलेलं भोक होतं. बारीक, गोल, कडा स्वच्छ. इतकं सुबक काम पुन्हा आपल्या हातून होणार नाही, हे तिला भोकाकडे पाहताच कळलं.

"देत नाही," मामा म्हणाले.

तिने मान वर केली.

"रागाने नाही गं. मी नोकरीला लागलो तेव्हा लोक यांच्यातून फक्त लांबी-रुंदी काढायचे. कोणी म्हणालं असतं की हाडाची भुकटी करून त्यातून रक्ताचं नातं काढतात, तर त्याला आम्ही वेड्यात काढलं असतं. तुम्ही आज चिमूटभर भुकटी खाता. पुढचे कणभर खातील, कदाचित भोकही पाडणार नाहीत. एकच कान उरलाय. तो घाईत असलेल्या माणसाला द्यायचा नाही. आणि सध्या तुम्ही सगळे घाईत आहात, सर सगळ्यांत जास्त."

मुद्दा खोडण्यासारखा नव्हता. हाड तिच्या जागी दुसऱ्या कोणी मागितलं असतं, तर तिनेही हेच सांगितलं असतं, आणि फार कमी शब्दांत सांगितलं असतं. पण म्हणजे हे जनावर कोणाचं काय लागत होतं, ते तिच्या हयातीत कळेलच असं नव्हतं. हा विचार गिळायला वेळ लागला. तिने कवटी जपून परत मामांच्या हातात दिली.

मग त्यांनी खणातून दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी सोडवली. प्रत्येक हाडाला अशी एक चिठ्ठी होती. ज्याने हाड वापरलं त्याने काय घेतलं आणि काय मिळालं, ते स्वतःच्या हाताने लिहायचं, असा मामांचा दंडक. वरच्या दोन ओळी जुन्या, फिकट शाईतल्या, नुसत्या मोजमापांच्या. त्याखाली तिच्या अक्षरात तीन महिन्यांपूर्वीची तारीख आणि 'उजवा कान, भुकटी' एवढंच होतं. पुढची जागा निकालासाठी रिकामी ठेवलेली होती.

"किती लिहू?" तिने विचारलं.

"जेवढं खरं आहे तेवढं. पुढे जो हा खण उघडेल त्याला तू भेटणार नाहीस."

टेबलाशी बसून तिने लिहायला घेतलं. कोऱ्या नळीत मांजराचे एकेचाळीस तुकडे. एकोणचाळीस ताजे. मिश्रणाचा निष्कर्ष रद्द. स्रोत, इथे ती थबकली. 'प्रयोगशाळेबाहेरचा' असं लिहिलं असतं तर खोटं ठरलं नसतं. तिने लिहिलं: बहुधा काम करणारीच्या घरचं मांजर, चष्म्यावाटे. घरी मांजर असल्याचं तिने सात महिने लपवलं होतं. तुकड्यांतून शोधू नका, सापडणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवत आहे.

जागा संपली. मामांनी चिठ्ठी तिच्या हातून घेतली, उलटी केली आणि कोरी बाजू वर करून पुन्हा तिच्यासमोर ठेवली. तिने खिशातून फडकं काढून चष्मा पुसला, तो पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पुढे लिहू लागली: आईकडची वंशरेषा मात्र भरवशाची आहे. ती सडक्या टोकांच्या तुकड्यांतून काढली आहे.